खाटेला विमा, खुर्चीला नाही

साताऱ्याजवळच्या एका गावातून एक आई आठवड्यात तीनदा आपल्या मुलाला घेऊन एसटीने शहरात येते. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तीन वर्षांचा होईपर्यंत तो बोलला नव्हता, हाक मारली तर वळून पाहत नव्हता. ‘मुलगे उशिराच बोलतात, त्याचे काकाही तसेच होते’ असे म्हणण्यात वर्ष गेले. अखेर पुण्यात दाखवले, स्वमग्नतेचे म्हणजे ऑटिझमचे निदान झाले आणि स्पीच थेरपी व ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली. आता तो पाणी मागतो, चप्पल स्वतः घालतो, मिक्सर सुरू झाला की पूर्वीसारखे भिंतीवर डोके आपटत नाही. हा फरक औषधाने पडलेला नाही. एका लहानशा खोलीत बुटक्या खुर्चीवर समोर बसून तीच गोष्ट शेकडो वेळा करून घेणाऱ्या दोन थेरपिस्टनी, आणि घरी तेच पुढे चालवणाऱ्या आईने तो घडवला आहे.

एका सत्राचे ६०० रुपये. महिन्याला १२ सत्रे धरली तर ७,२०० आणि वर्षाला ८६,४०० रुपये. एसटीचे तिकीट वेगळे, आणि आईने शिवणकाम बंद केले त्याचा हिशेब कोणी केलेलाच नाही. वडील गॅरेज चालवतात. त्यांनी पाच लाखांचा कौटुंबिक मेडिक्लेम घेतला आहे, हप्ता एकदाही चुकवलेला नाही. सगळ्या पावत्या जोडून त्यांनी दावा केला. उत्तर दोन ओळींचे आले: बाह्यरुग्ण उपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत. एजंट ओळखीचा होता, त्यालाही वाईट वाटले. ‘वहिनी, दोन दिवस ऍडमिट केलं असतं तर काहीतरी करता आलं असतं,’ तो म्हणाला. ‘अहो भाऊ, ऍडमिट करून त्याला करणार काय?’ या तिच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते.

एजंटचा सल्ला चुकीचा होता. गरज नसताना भरती दाखवून केलेला दावा ही सरळ फसवणूक ठरते. पण बोलता बोलता त्याने आपल्या आरोग्य विम्याचे नेमके वर्णन करून टाकले. सरकारी असो की खासगी, हा विमा रुग्णालयातल्या खाटेभोवती उभा आहे. नैराश्य, चिंताविकार, व्यसन, मुलांच्या वाढीतल्या अडचणी यांवरचे बहुतेक उपचार मात्र खुर्चीत बसून होतात; आठवड्याला तास-पाऊण तास आणि असे कित्येक महिने. तिथे भरतीचा कागद नसतो, डिस्चार्ज कार्ड नसते, शस्त्रक्रियेचे नाव नसते. म्हणून विम्याच्या लेखी तिथे उपचारच झालेला नसतो.

कायद्यातले एक वाक्य

वाचकांपैकी काहींना वाटेल की मानसिक आजारांना विमा मिळतो असा कायदा झाला आहे ना? झाला आहे, आणि तो चांगला कायदा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम २१ मधील चौथे उपकलम सांगते की प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजारांच्या उपचारासाठी ज्या धर्तीवर विमा दिला जातो, त्याच धर्तीवर मानसिक आजारांसाठीही दिला पाहिजे. त्याआधी पॉलिसीच्या कागदावर ‘मानसिक व मनोविकार’ हे शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीत हमखास असत. एड्स आणि सौंदर्य शस्त्रक्रियेच्या आसपास कुठेतरी. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने सर्व कंपन्यांना या कलमाचे पालन करण्याचे परिपत्रक पाठवले. सप्टेंबर २०१९ मध्ये कोणत्या गोष्टी पॉलिसीतून वगळता येणार नाहीत याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात मानसिक आजार आले.

परिपत्रक निघाले म्हणून दावे मंजूर होऊ लागले असे झाले नाही. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर नियामकाला नोटीस काढली. त्याच वर्षी दिल्लीतल्या एका महिलेला गंभीर मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि कंपनीने जुन्याच अटीकडे बोट दाखवून तिचा दावा फेटाळला. विमा सुमारे चार लाखांचा होता. ती उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. कायदा लागू झाल्या दिवसापासून कंपन्या त्याला बांधलेल्या आहेत, आणि त्याची अंमलबजावणी होते की नाही हे पाहणे नियामकाचे काम आहे, असे न्यायालयाने ठणकावले. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाने पुन्हा एकदा, या वेळी महिनाअखेरची तारीख घालून, सर्व पॉलिसींत मानसिक आजारांचा समावेश करा असे बजावले. एका वाक्याच्या कलमाला चार वर्षे, दोन न्यायालये आणि तीन परिपत्रके लागली.

आता त्या वाक्यातल्या ‘त्याच धर्तीवर’ या शब्दांकडे पाहू. शारीरिक आजारांचा विमा कोणत्या धर्तीवर आहे? रुग्णालयात सलग किमान २४ तास दाखल व्हा, म्हणजे खर्च मिळेल. मोतीबिंदूसारख्या ठरावीक शस्त्रक्रियांना यातून सूट आहे, त्यांना ‘डे केअर’ म्हणतात. रुग्णालय कशाला म्हणायचे याचीही व्याख्या आहे: नोंदणीकृत नसेल तर दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५. अपेंडिक्ससाठी हे ठीक आहे. मानसिक आजारासाठी हीच फूटपट्टी लावली की अर्थ असा होतो: आजार इतका वाढू द्या की भरती करावे लागेल, मग आम्ही पैसे देऊ. मनोविकारतज्ज्ञाची तपासणी, महिन्याची औषधे, मानसशास्त्रज्ञाबरोबरची सत्रे या सगळ्यांचा हेतूच मुळी भरतीची वेळ येऊ न देणे हा असतो. तो खर्च खिशातून.

समानता मिळाली हे खरे. पण ती मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांशी मिळाली, ज्यांच्या रोजच्या गोळ्यांनाही विमा विचारत नाही. फरक एवढाच की मधुमेहाची गोळी स्वस्त असते, दुकानात मिळते आणि ती घ्यायला आठवड्यातला अर्धा दिवस रजा काढावी लागत नाही.

बारीक अक्षरांतल्या तीन गोष्टी

पॉलिसीची पुस्तिका कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो. हा लेख लिहिण्यासाठी चार-पाच पुस्तिका समोर घेऊन बसलो, तेव्हा तीन गोष्टी डोळ्यांत भरल्या.

पहिली व्यसनाची. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था हा मानसिक आजारच मानला आहे. पण नियामकाने २०१९ मध्ये कंपन्यांना जी प्रमाणित वगळण्याची कलमे दिली, त्यांतले बारावे कलम मद्यपान, अमली पदार्थ वा कोणत्याही व्यसनाचा आणि त्याच्या परिणामांचा उपचार वगळण्याची मुभा देते. एका कायद्याने जो रुग्ण आहे, तो दुसऱ्या कागदावर स्वतःच्या कर्माने आजारी पडलेला माणूस ठरतो. ज्या घराने व्यसन जवळून पाहिले आहे त्याला ठाऊक असते, की नवऱ्याला केंद्रात दाखल करण्यासाठी बाईने कानातले आधीच मोडलेले असते.

दुसरी गोष्ट पुनर्वसनाची. प्रमाणित यादीतले पाचवे कलम सक्तीची विश्रांती, पुनर्वसन आणि नुसती देखभाल यांसाठीची भरती वगळते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला आवाज ऐकू येणे थांबले म्हणजे तो बरा झाला असे होत नाही. पुन्हा वेळेवर उठणे, बसने जाणे, पैशांचा हिशेब ठेवणे, चार लोकांत बसणे हे त्याला नव्याने शिकावे लागते. हा उपचाराचाच भाग आहे, पण त्याचे नाव पुनर्वसन, आणि नावावरच घोडे अडते.

तिसरी सर्वांत कमी बोलली जाणारी. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. यामागे एक चांगला विचार होता: बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हे, त्या व्यक्तींना रुग्ण मानून कोंडू नये. स्वमग्नतेचे तर व्याख्येत नावच नाही. तत्त्व म्हणून हे योग्य आहे. पण परिणाम असा, की साताऱ्याच्या त्या मुलासाठी कलम २१ चा आधार घ्यायला गेले तर तोही निसरडा. अपंगत्व असलेल्या, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी कंपन्यांनी पॉलिसी उपलब्ध करून द्यावी, असे नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले. ‘तुमच्या मुलाला पॉलिसीच मिळणार नाही’ हे उत्तर त्यामुळे देणे अवघड झाले. परंतु अशा पॉलिसीचा पायाही भरतीच आहे.

सरकारी योजनांचे काय?

सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार विनामूल्य देते. महाराष्ट्रात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून राबवली जाते. आयुष्मान भारतच्या उपचारांच्या यादीत मानसिक आजारांचा विभाग पहिल्यापासून आहे, त्यात भरतीचे दिवस मोजून पैसे मिळतात, विद्युत उपचारांचाही, म्हणजे लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात त्या ईसीटीचाही, समावेश आहे. एवढ्या मोठ्या योजनेने मनोविकार वगळले नाहीत ही मोठी गोष्ट. पण ही योजना ठरवूनच दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तरावरच्या भरतीसाठी आहे. बाह्यरुग्ण विभाग तिच्यात नाही. भरतीआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस एवढा खर्च तिच्यात धरतात. सोळाव्या दिवशी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची गोळी संपली तर? ती बंद झाली की काही आठवड्यांत आजार उलटतो, रुग्ण पुन्हा भरती होतो आणि योजना पुन्हा पैसे देते. हिशेबाच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचा आहे.

विम्याच्या बाहेर सरकारी सेवा आहेत, त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत चालणारी मनोविकार ओपीडी, २०२२ पासून सुरू असलेली १४४१६ ही टेलिमानस सेवा हे सगळे फुकट आहे आणि उपयोगी आहे. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, तिथे थेरपिस्टही असावेत अशी रचना आहे. अडचण वेळेची आणि अंतराची. थेरपी आठवड्यातून अनेकदा लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका केंद्रावर रांग लागली की एका मुलाच्या वाट्याला किती वेळ येणार? मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये याचेही उत्तर लिहून ठेवले आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसतील, तर मानसिक आजार असलेल्या व्यक्तीने जिल्ह्यातली दुसरी सेवा घ्यावी आणि तिचा खर्च शासनाने करावा, असे ते कलम म्हणते. हे वाक्य आपल्याकडच्या किती रुग्णांच्या नातेवाइकांच्या कानावर गेले असेल?

खर्च कोण करते याचा अंदाज बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून येतो. बारा राज्यांत ते झाले, महाराष्ट्र त्यात नव्हता. दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता तरी मानसिक विकार होता, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. जे उपचार घेत होते, त्यांच्या कुटुंबांचा औषधपाणी आणि प्रवासावर महिन्याला साधारण हजार-दीड हजार रुपये खर्च होत होता. शहरातल्या पगारदाराला ही रक्कम किरकोळ वाटेल. शेतमजुराच्या घरात तेवढ्यासाठी औषध एका महिन्याआड घेतले जाते.

दोन जुनी दारे

खाटेच्या या आग्रहाला आपल्याच देशात दोन अपवाद आहेत, आणि दोन्हींची चर्चा फारशी होत नाही.

पहिला आहे कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष सुरुवात १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत. महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून त्याची छोटी कपात होते आणि मोठा वाटा मालक भरतो. या विम्यात ओपीडी पहिल्यापासून आहे; दवाखाना, औषधे, तज्ज्ञाकडे पाठवणे, सर्व काही, आणि कुटुंबासकट. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा विमा बुडालेल्या पगाराचीही भरपाई देतो. दीर्घकाळ चालणाऱ्या ३४ आजारांची त्याची एक यादी आहे. क्षयरोग, कर्करोग यांच्याबरोबर त्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मनोविकारही आहेत. अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला अशा आजारात पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मानसिक आजारात आधी नोकरी जाते आणि मग उपचार सुटतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या तरतुदीचे मोल कळेल. स्वातंत्र्यानंतर लगेचच उभ्या राहिलेल्या विम्याला जे सुचले, ते पुढच्या मेडिक्लेमला सुचले नाही. ईएसआय दवाखान्यांच्या अवस्थेवर एमआयडीसीतला कोणताही कामगार तासभर बोलू शकेल, त्याला माझा विरोध नाही. पण आपल्या यादीत मनोविकार आहेत हे त्याच कामगाराला कोणी सांगितलेले नसते.

दुसरा अपवाद म्हणजे ‘निरामय’. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ च्या कायद्याने केंद्र सरकारचा राष्ट्रीय न्यास म्हणजे नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला. त्याची ही आरोग्य विमा योजना. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण. वयाची अट नाही, विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही, कारण इथे अपंगत्व हीच पात्रता आहे. हप्ता काहीशे रुपयांचा आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना त्याहून कमी. मुख्य म्हणजे तिच्यात ओपीडी आहे आणि नियमित चालणाऱ्या थेरपीसाठी वेगळा हिस्सा राखून ठेवला आहे. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी यांच्या पावत्या इथे चालतात. खाट लागत नाही.

एक लाख ही एकूण मर्यादा आहे, थेरपीचा वाटा त्यातला एक तुकडाच. साताऱ्याच्या त्या कुटुंबाचा ८६,४०० रुपयांचा सगळा खर्च त्यातून निघणार नाही. पैसेही आधी भरायचे आणि नंतर परत मिळण्याची वाट पाहायची. तरीही या योजनेचे महत्त्व रकमेपेक्षा तिच्या रचनेत आहे. ‘थेरपीचा विमा काढताच येत नाही, हिशेब लागत नाही, गैरव्यवहार होईल’ असे जे म्हटले जाते, त्याला ती चालू स्थितीतले उत्तर आहे. ती २००८ पासून सुरू आहे. त्या आईला निदान होऊन दोन वर्षे झाली होती. बालरोगतज्ज्ञ, दोन थेरपिस्ट, अंगणवाडी ताई, विमा एजंट एवढ्या लोकांशी तिचा संबंध आला. ‘निरामय’चे नाव एकानेही काढले नव्हते.

कंपन्यांची भीती खोटी आहे का?

पूर्ण खोटी नाही. अपेंडिक्स एकदाच काढता येते, समुपदेशनाची सत्रे कधी थांबवायची हे कोणी ठरवायचे? समोरची व्यक्ती पात्र आहे कशावरून? आज कोणीही आठवड्याचा अभ्यासक्रम करून ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावतो. शहरांत तर समुपदेशकांपेक्षा त्यांच्या जाहिरातीच जास्त आहेत की काय असे वाटते.

परदेशांत याची उत्तरे सापडली आहेत, सगळी गोड नाहीत. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विमा १९६७ पासून मानसोपचाराच्या सत्रांचे पैसे देतो. रुग्ण थेट परवानाधारक मानसोपचारकाकडे जाऊ शकतो, सुरुवातीच्या काही भेटींत उपचार जुळतो का ते पाहिले जाते, लहान मुदतीचा उपचार २४ सत्रांपर्यंत असतो आणि पुढे वाढवायचा तर कारण लिहून मंजुरी घ्यावी लागते. रुग्णाला पैशांची चिंता नसते, मात्र जागा मिळायला महिनोन्महिने थांबावे लागते. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये वेगळी वाट धरली: फॅमिली डॉक्टरने उपचार आराखडा लिहून दिला की सरकारी मेडिकेअरमधून वर्षाला १० सत्रांच्या फीचा काही भाग परत मिळतो, उरलेला रुग्णाने भरायचा. करोनाच्या काळात सत्रे २० केली होती, पुढे पुन्हा १० वर आणली. दोन्हीकडे मर्यादा आहे, कागदपत्रे आहेत, वाद आहेत. पण सत्र हे उपचाराचे एकक म्हणून मान्य आहे. आपल्याकडे गाडी तिथेच अडली आहे.

पात्रतेची यादी आपल्याकडेही आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टसाठी महाराष्ट्रात राज्य परिषद आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला. नोंदणी क्रमांक, सत्रांची नोंदवही, दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल आणि वर्षाला सत्रांची मर्यादा एवढ्यावर विमा चालू शकतो, असे माझे मत आहे. हृदयात बसवलेल्या स्टेंटचे बिल तपासणाऱ्या यंत्रणेला हे जमू नये इतके ते अवघड नाही.

आणि न देण्याचीही किंमत असते. साध्या, सिद्ध झालेल्या, संथ थेरपीला पैसे मिळत नाहीत तेव्हा पालक थकतात आणि चटकन बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहतात. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये जाहीर करावे लागले, ते यामुळेच. त्यासाठी जमीन विकलेल्या घरांना दर आठवड्याच्या सत्राचे पैसे परत मिळत असते तर?

हाती काय आहे

आहे त्या चौकटीत काय करता येईल, हे विचारणारे बरेच जण असतात. आपल्या पॉलिसीची पुस्तिका काढा आणि त्यात ‘मानसिक आजार’ शोधा. त्याला वेगळी, कमी रकमेची मर्यादा घातलेली असते का ते पाहा. नूतनीकरणाच्या वेळी ओपीडीची जोड मिळते का, आणि तिच्यात मानसशास्त्रज्ञाची सत्रे धरतात का, हे लेखी विचारा. तोंडी ‘हो’ला अर्थ नाही. प्रस्तावात आजार लपवू नका. नैराश्याची गोळी चालू असल्याचे न सांगता घेतलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी हातातून सुटते. आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे.

भरतीचा दावा ‘मनोविकार वगळले आहेत’ या कारणाने फेटाळला गेला, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा आणि त्यात कलम २१(४) चा उल्लेख करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. फक्त नकाराच्या तारखेपासून वर्षाच्या आत जायला हवे.

मूल चार गटांपैकी एकात येत असेल तर आधी यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचे ओळखपत्र काढा. जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या होतील, पण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थांमार्फत ‘निरामय’चा अर्ज भरता येतो. जुन्या करप्रणालीत असाल तर अपंग अवलंबितासाठी कलम ८०डीडी खाली ७५ हजारांची आणि तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. तिच्यात प्रत्यक्ष खर्च किती झाला हे पाहिले जात नाही.

साताऱ्याच्या आईने मुलाचे यूडीआयडी कार्ड काढले, दोन फेऱ्यांत काम झाले. ‘निरामय’चा अर्जही गेला आहे. थेरपिस्टना तिने सांगून ठेवले आहे की आता प्रत्येक पावतीवर तारीख, सत्राचे नाव, नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा. त्यांतल्या एकीने तिच्यासाठी नवे पावती पुस्तकच छापून आणले. आधीच्या दोन वर्षांच्या पावत्यांचे काही होणार नाही, हे तिला माहीत आहे. तरी त्या तिने फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवल्या आहेत.